चकतीच्या ब्रेकची सक्ती

सायकलीच्या ब्रेकसारख्या विषयाला समाजवादी साप्ताहिकाच्या मतपृष्ठावर स्थान कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या देशात असंख्य श्रमिकांना साधी काळी सायकलदेखील जपून वापरावी लागते, तेथे खाली वळलेल्या हँडलच्या, गिअरच्या रेसिंग सायकलीला रिमचा ब्रेक असावा की चकतीचा, हा वाद हौशी मंडळींनी आपसांत घालावा, असे कोणालाही वाटेल. परंतु भांडवलशाहीचे स्वरूप केवळ पोलादाच्या कारखान्यात किंवा शेअरबाजारातच पाहावे, असा नियम नाही. कधी कधी एखाद्या क्षुल्लक यंत्रभागाच्या इतिहासात ते अधिक स्वच्छ दिसते. काय बनवायचे हे कोण ठरवतो, कोणासाठी ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीनही प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत या एका ब्रेकभोवती उभे राहिले. त्यांची उत्तरे मिळाली. परंतु ती ज्यांनी दिली, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार सायकल चालवणाऱ्याला कधीच नव्हता.

दोन ब्रेक

रिम-ब्रेकची रचना पोराटोरांनाही समजते. लिव्हर दाबली की तार ओढली जाते, तारेमुळे कॅलिपरचे दोन बाहू जवळ येतात आणि त्यांना लावलेली रबरे रिमला दोन्ही बाजूंनी धरतात. ही सारी यंत्रणा चिमट्याच्या माथ्याशी एका बोल्टने बसते. मागच्या चाकालाही तशीच. डिस्क ब्रेकमध्ये घर्षणाची जागा रिमवरून हबपाशी येते. हबला १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती बसवलेली असते आणि चिमट्याच्या डाव्या पायाच्या टोकाशी असलेला कॅलिपर तिला दोन पॅडांमध्ये पकडतो. दाब तारेने देता येतो, किंवा बंद नळीतील तेलाने.

ही कल्पना नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली मोटारीसाठी अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि मोटार-उद्योगाने त्याची दखल घेतली. १९९० च्या दशकात डोंगरी सायकलींवर हा ब्रेक रुळला. चिखलात धावणाऱ्या सायक्लोक्रॉस शर्यतींत आंतरराष्ट्रीय सायकल संघाने त्याला २०१० साली परवानगी दिली. रस्त्यावरची रेसिंग सायकल तेवढी राहिली होती. ती राहिली होती, कारण तिचे तिच्या ब्रेकशी बरे चालले होते.

मान्य करावयाचे ते

डिस्क ब्रेकचे गुण नाकारणे हा प्रामाणिक युक्तिवाद होणार नाही. पाऊस पडत असता रिम ओली होते आणि रबराने पाणी निपटून काढीपर्यंत सायकल काही अंतर तशीच पुढे जाते. चकती जमिनीपासून उंच आणि आकाराने लहान असल्यामुळे तेथे हा विलंब फार कमी असतो. कार्बनच्या रिमवर तर रबराची पकड पावसात फारच कमी होते. लांब उतारावर सतत ब्रेक लावल्याने रिम तापते आणि त्या उष्णतेचा ताण टायर-ट्यूबवर येतो. रस्त्यावरची बारीक वाळू रबरात रुतून ॲल्युमिनियमची रिम खात राहते. भिंत फार पातळ झालेली रिम फुटू शकते. चकती झिजली तर ती एकटी बदलता येते, रिम झिजली तर चाक पुन्हा विणावे लागते. रुंद टायर रिम-ब्रेकच्या कमानीत मावत नाही, हीदेखील खरी अडचण आहे. आषाढात वरंध किंवा ताम्हिणी उतरणाऱ्याला, किंवा रात्रभर सायकल चालवून २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या करणाऱ्या मुंबई-पुणे-नाशिकच्या सायकलपटूला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

परंतु जाहिरात जे सांगते ते एवढेच नसते. ‘दुप्पट ताकद’, ‘संपूर्ण सुरक्षा’ अशा भाषेत ती बोलते. आणि तेथे पदार्थविज्ञानाचा साधा नियम लपवला जातो. ब्रेक चाकाला अडवतो; सायकलीला अडवतो तो रस्ता. टायर आणि रस्ता यांच्यातील पकड जेवढी, तेवढीच मंदगती मिळू शकते. शिवाय कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक पुरेसा दाबला की मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची वेळ येते. साध्या सायकलीच्या बाबतीत ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या थोडी पलीकडे असते. नीट जुळवलेला रिम-ब्रेक कोरड्यात त्या मर्यादेपर्यंत सहज पोहोचवतो. त्यापुढची ‘ताकद’ कोणत्याही चकतीने विकत घेता येत नाही. तेव्हा डिस्क ब्रेक काही परिस्थितीत चांगला आहे, हे विधान खरे. तो सर्वांना सर्वत्र अपरिहार्य आहे, हे विधान खोटे. उद्योगाने पहिल्या विधानाच्या आधारे दुसरे विकले.

‘सुधारणे’चा हिशेब

ज्याच्याजवळ रिम-ब्रेकची चांगली सायकल आहे, त्याने तिला डिस्क ब्रेक बसवायचे ठरवले तर काय घडते? येथेच या ‘सुधारणे’चे खरे स्वरूप उघड होते.

जुन्या फ्रेमवर कॅलिपर बसवायला जागाच नसते. पोलादी फ्रेम असेल तर कुशल कारागीर डाव्या मागच्या नळीवर बैठक जोडून देऊ शकतो. कार्बनच्या फ्रेमवर तो मार्ग व्यवहारतः बंद आहे. चिमटा तर बदलावाच लागतो. रिम-ब्रेकचा भार चिमट्याच्या माथ्यावर येतो, डिस्कचा भार एका पायाच्या टोकाला पिळतो, आणि जुन्या चिमट्याचे पाय त्या पिळासाठी घडवलेलेच नसतात. चिमटा बदलला की पुढचे चाक बदलते, कारण जुन्या हबवर चकती बसत नाही. डिस्क ब्रेकचा जोर झटपट सुटणाऱ्या साध्या एक्सलला खाचेतून बाहेर ढकलू पाहतो, म्हणून आरपार जाणारा जाड एक्सल आला. त्याने हब पुन्हा बदलला. मागे जुन्या रेसिंग सायकलीत हबसाठी १३० मिलिमीटर जागा असते. डिस्कच्या सायकलीत आधी १३५ आणि मग १४२ झाली. तेलाचा ब्रेक घ्यायचा तर तेलाचा दट्ट्या लिव्हरमध्ये असतो, म्हणून लिव्हर बदलल्या. लिव्हरमध्येच गिअरची कळ असते आणि नवी लिव्हर जुन्या दहा दातचक्रांशी जुळत नाही, म्हणून मागची दातचक्रे, डिरेलर आणि साखळी बदलली. हिशेबाच्या शेवटी मूळ सायकलीचे बसायचे सीट, हँडल आणि मालकाची आठवण एवढेच उरते.

एवढे करूनही हाती स्थिर काही लागत नाही. चकती हबला सहा बोल्टने बसवायची की मध्यवर्ती खाचेने. कॅलिपरची बैठक डोंगरी सायकलीची की गेल्या दशकात आलेली चपटी. पुढचा एक्सल १५ मिलिमीटरचा की १२ चा. त्याच्या आट्यांचे अंतर किती. पॅडचा आकार कोणत्या कंपनीचा. तेल खनिज की ‘डॉट’ वर्गाचे. शेवटच्या बाबतीत चूक झाली तर रबरी सील फुगून ब्रेकच निकामी होतो. याउलट रिम-ब्रेकच्या काळात एका कंपनीच्या कॅलिपरमध्ये दुसऱ्या कंपनीचे रबर बहुधा बसत असे आणि १३० मिलिमीटरचे मागचे चाक एका सायकलीचे दुसऱ्या सायकलीला बहुधा चालत असे. सार्वजनिक रस्त्यासारखे जे मोजमाप होते, त्याची अशी कुंपणे घालून खाजगी वाफे करण्यात आले.

मागणी कोणाची?

बाजाराचे समर्थक म्हणतील की ग्राहकाने मागितले म्हणून कारखानदाराने दिले. या प्रकरणाचा घटनाक्रम नोंदलेला आहे आणि तो या समर्थनाला साथ देत नाही.

व्यावसायिक शर्यतींत आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ऑगस्ट-सप्टेंबर २०१५ मध्ये मर्यादित चाचणी सुरू केली आणि २०१६ मध्ये ती सर्व संघांना खुली केली. १० एप्रिल २०१६ रोजी पॅरिस-रूबे शर्यतीत स्पॅनिश सायकलपटू फ्रान्सिस्को व्हेन्तोसो याच्या पायाला खोल जखम झाली. ती चकतीने झाली, असे त्याने जाहीर पत्र लिहून सांगितले. जखमेचे कारण पुढे वादग्रस्त ठरले. ती पुढच्या दातचक्राने झाली असावी, असे मत मांडले गेले. परंतु मुद्दा त्या एका जखमेचा नव्हता. शंभर-दीडशे माणसे खांद्याला खांदा लावून वेगाने धावत असता कोणाच्या सायकलीवर काय बसवावे, हे ठरवताना त्या माणसांना विचारले होते काय, हा होता. सायकलपटूंच्या संघटनेने चाचणी थांबवण्याची मागणी केली आणि १४ एप्रिलला ती स्थगित झाली. पुढे काय झाले? क्रीडासाहित्य उद्योगाच्या जागतिक महासंघाने चर्चेत आपले वजन टाकले, चकतीच्या कडा गोल करण्यात आल्या, २०१७ च्या आरंभी चाचणी पुन्हा चालू झाली आणि १ जुलै २०१८ पासून रीतसर मान्यता मिळाली. कडा गोल झाल्या, हा श्रमिकांच्या तक्रारीचा लाभ. बाकीचा निर्णय जेथे व्हायचा तेथे आधीच झाला होता.

मान्यता मिळाल्यानंतर शर्यतपटूंनी काय निवडले, हे तर अधिक बोलके आहे. २०१८ साली गेरंट थॉमस, २०१९ साली एगान बर्नाल आणि २०२० साली ताडेय पोगाचार यांनी टूर द फ्रान्स जिंकली ती डोंगराच्या टप्प्यांत रिम-ब्रेकच्या सायकली चालवून. कारण त्या हलक्या होत्या आणि चाक झटकन बदलता येत होते. चार वेळा टूर जिंकलेल्या क्रिस फ्रूमने २०२१ च्या आरंभी डिस्क ब्रेकविषयी उघड नाराजी व्यक्त केली: चकती घासते, तापते, दट्ट्ये एकसारखे परत जात नाहीत. हे त्याने सांगितले ते ज्या सायकली त्याला दिल्या गेल्या होत्या त्यांच्यावर बसूनच. जगातील अत्यंत नामवंत सायकलपटूला ज्या बाबतीत आपली पसंती चालवता आली नाही, तेथे ‘ग्राहक राजा’ कोणत्या गादीवर बसला होता?

राजाला पदच्युत करण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. कोणी बंदी घातली नाही. फक्त पर्याय हळूहळू मागे घेतले गेले. शिमानो या जपानी कंपनीच्या सर्वांत महाग दोन मालिकांची बारा गिअरची आवृत्ती २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यात रिम-ब्रेकचा पर्याय ठेवला होता. मध्यमवर्गीय सायकलपटूची मानली जाणारी ‘१०५’ ही मालिका २०२२ मध्ये विजेच्या गिअरसह आणि २०२३ मध्ये तारेच्या गिअरसह आली, ती मात्र केवळ डिस्कसाठी. म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य ज्याला परवडते त्याला थोडे अधिक काळ मिळाले आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडून आधी काढून घेतले गेले. कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीची २०२३ ची बिनतारी मालिका आणि स्रॅम या अमेरिकन कंपनीची २०२४ ची सर्वोच्च मालिका, दोन्ही केवळ डिस्कच्याच. रेसिंग सायकलीच्या गिअर-ब्रेकचा बाजार मुख्यतः याच तीन कंपन्यांच्या हाती आहे. तिघांनी एका दिशेने पाऊल टाकले की त्याला बाजाराचा कल म्हणतात.

याचा अर्थ जुने ते सोने, असा नव्हे. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याने डिरेलर गिअरला आपल्या शर्यतीत १९३७ पर्यंत मज्जाव केला होता. यंत्राने नव्हे तर स्नायूंनी जिंकावे, असे तो म्हणे आणि डोंगर चढताना गुडघे मात्र सायकलपटूंचे दुखत. १९३४ साली आंतरराष्ट्रीय संघाने रेलून चालवायच्या सायकलीला शर्यतीतून हद्दपार केले आणि एका उपयुक्त यंत्राची वाढ कित्येक दशके खुंटवली. एकदा नवे रोखले गेले, एकदा नवे लादले गेले. दोन्ही वेळा पेडल मारणाऱ्याचे मत हिशेबात नव्हते, एवढेच या दोन टोकांमधील साम्य.

झीज कशाची?

मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात यंत्राच्या दोन प्रकारच्या झिजेचा विचार केला आहे. एक भौतिक: वापराने किंवा गंजाने होणारी. दुसरी ‘नैतिक’: यंत्र धडधाकट असते, परंतु अधिक चांगले किंवा स्वस्त यंत्र बाजारात आल्यामुळे त्याचे मूल्य घटते. मार्क्सच्या विवेचनात ही दुसरी झीज स्पर्धेच्या ओघात कारखानदारालाच सोसावी लागते. एकाधिकारी भांडवलाने तिला उलटे वळण दिले: आता ती ग्राहकाच्या घरातील वस्तूवर घडवून आणली जाते आणि नफा कारखानदाराला मिळतो. १९२४ साली जिनेव्हात विजेच्या दिव्यांच्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा करार केला, तो या वाटेवरचा जुना आणि उघडा टप्पा होता. आजची रीत अधिक सभ्य आहे. दिवा लवकर विझवावा लागत नाही. त्याचा होल्डर बदलला की पुरे.

२०२० आणि २०२१ च्या साथीच्या काळात जगभर सायकलींची मागणी अकस्मात वाढली. नंतर ती तितक्याच वेगाने उतरली. शिमानोची विक्री २०२३ मध्ये आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे चतुर्थांशाने घटली. सायकल ही दीर्घायुषी वस्तू आहे, हे तिच्या मालकाचे भाग्य आणि विक्रेत्याचे संकट. ज्यांच्याकडे सायकल आहे त्यांना ती अपुरी आहे असे पटवल्याखेरीज कारखाना पूर्ण क्षमतेने चालत नाही. डिस्क ब्रेकच्या प्रसारामागे तांत्रिक कारणे आहेतच. परंतु रिम-ब्रेक मागे घेण्यामागे याहून वेगळे कारण सापडत नाही.

आणि हा वाढीव नफा घडवणाऱ्या हातांकडे जातो काय? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने जायंट या जगातील अग्रगण्य सायकल-उत्पादक कंपनीचा तैवानमध्ये बनलेला माल अडवण्याचा आदेश काढला. स्थलांतरित कामगारांना कर्जाच्या पाशात अडकवणे, वेतन रोखणे आणि अतिरिक्त तास राबवणे, अशी कारणे त्यात नमूद होती. कंपनीने आरोपांना हरकत घेतली. अमेरिकन सरकारच्या व्यापारी हेतूंविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु दक्षिण-पूर्व आशियातील गरीब कामगार दलालांची देणी फेडत तैवानच्या कारखान्यांत राबतात, ही गोष्ट त्या आदेशाने जन्माला आलेली नाही. हलक्या, वेगवान, ‘अद्ययावत’ सायकलीचे वजन कोठेतरी उचलले जातेच.

कारागिराचे काय?

महाराष्ट्राशी या वादाचा खरा संबंध येथे येतो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ते केवळ सायकलस्वारांमुळे नव्हे, तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांमुळेही. पाण्याचे घमेले, हवेचा पंप, चार पाने, एक कानस आणि स्पोक आवळण्याची चावी एवढ्या भांडवलावर एक कुटुंब जगत असे आणि शेकडो कुटुंबांची वाहतूक चालत असे. हे शक्य होते, कारण सायकल हे उघडे यंत्र होते. जे बिघडले ते दिसे, जे दिसे ते दुरुस्त होई, आणि लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांत तयार झालेला सुटा भाग कोणत्याही गावात बसे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी लघुयंत्राचा आग्रह धरला, तो यंत्राच्या द्वेषातून नव्हे. माणसाच्या आवाक्यातील यंत्र माणसाला गुलाम करीत नाही, या जाणिवेतून. इव्हान इलिच यांनी १९७० च्या दशकात ऊर्जा आणि समता यांची सांगड घालताना सायकलीला आदर्श साधन मानले, तेही याच अर्थाने.

आज मुलांच्या साध्या, बिनगिअरच्या सायकलीलाही तारेचा डिस्क ब्रेक लावून ती ‘स्पोर्ट’ म्हणून विकली जाते. शर्यतीतील चलन गल्लीत येते ते असे. चकती वाकली की ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात घासते. त्या मापाचे पॅड तालुक्याच्या दुकानात नसतात. आणि ज्या मुलाला तीन किलोमीटरवरच्या शाळेत जायचे आहे, त्याची सायकल एका लहानशा पॅडसाठी भिंतीला टेकून राहते. रेसिंग सायकलीच्या बाबतीत तेलाचा ब्रेक आला की अंतर आणखी वाढते. ब्रेकची तार तुटली तर घाटाखालच्या गावातही दुसरी मिळते, डोके कानशीने घासून बसवता येते आणि प्रवास चालू राहतो. नळीतून तेल गळू लागले तर त्या कंपनीचे तेल, त्या कंपनीची पिचकारी आणि ती वापरण्याचे शिक्षण घेतलेला माणूस लागतो. तो मोठ्या शहरातील काचेच्या दुकानातच भेटतो. कोपऱ्यावरच्या कारागिराचे हात तेच आहेत, बुद्धी तीच आहे. त्याच्या ज्ञानाचे मूल्य मात्र त्याला न विचारता शून्यावर आणले गेले. शेतकऱ्याच्या हातून बियाणे गेले तेव्हा चळवळीने हे ओळखले होते. कारागिराच्या हातून पाना जातो तेव्हाही ते ओळखले पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. एकाही माणसाचा जीव वाचत असेल तर खर्चाचा हिशेब कशाला? उत्तर असे की जीव वाचवायचा असेल तर झिजलेली रबरे, गंजलेल्या तारा आणि पातळ झालेल्या रिमा प्रथम बदलल्या पाहिजेत. हे काम नव्या सायकलीच्या किमतीच्या अल्पशा अंशात होते. ते स्वस्त आहे म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

दुसरा आक्षेप असा की जुन्या मालिकांचे सुटे भाग अजून मिळतात. मग सक्ती कोठे आहे? सक्ती काळाच्या ओघात आहे. रिम-ब्रेकच्या चांगल्या चाकांची निवड आकसते आहे आणि नव्या फ्रेमांपैकी बहुतेकींना त्या ब्रेकचे छिद्रच नसते. ज्याच्या हाती साठा आहे तो आज विकतो. उद्या विकलाच पाहिजे, असे बंधन त्याच्यावर कोणतेही नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही श्रीमंतांची अडचण आहे, तिच्यासाठी चळवळीने शक्ती का वेचावी? उत्तर असे की श्रीमंताची अडचण नव्या सायकलीने सुटते. अडचणीत येतो तो तीच सायकल पाच वर्षांनी जुन्या बाजारात घेणारा विद्यार्थी, कारखान्यातील होतकरू शर्यतपटू आणि त्यांची सायकल दुरुस्त करणारा. जुनी वस्तू दुसऱ्या हाती चालती राहणे, ही गरिबाची मालमत्ता आहे. तिच्यावरच हा घाव आहे.

मागण्यांची दिशा

केवळ निषेधाने भागणार नाही. फ्रान्सने २०१५ सालीच वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर कमी करणे हा गुन्हा ठरवून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरोंपर्यंत दंडाची तरतूद केली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निदेश संमत केला. त्याच्या यादीत बॅटरीवर चालणारी हलकी वाहने आहेत, साधी सायकल नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती-अवजारे, मोबाइल व तत्सम उपकरणे, गृहोपयोगी टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे निवडली. देशातील सर्वांत गरीब माणसाच्या वाहनाला तेथेही जागा मिळाली नाही.

तेव्हा पहिली मागणी ही की दुरुस्तीच्या हक्कात सायकलीचा समावेश व्हावा आणि विक्री बंद केल्यानंतरही ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन उत्पादक व आयातदार दोघांवर असावे. दुसरी, की पॅड, चकतीची बैठक, एक्सल आणि तेल यांची समान मापे भारतीय मानक ब्युरोने निश्चित करून ती देशात विकल्या जाणाऱ्या सर्व सायकलींना लागू करावीत. काळ्या सायकलीला जे मिळाले ते नवीला का मिळू नये? तिसरी, की आयटीआयमध्ये सायकल दुरुस्तीचा लहान अभ्यासक्रम असावा आणि कोपऱ्यावरच्या कारागिराला तेलाच्या ब्रेकचे शिक्षण व हत्यारे सहकारी तत्त्वावर मिळावीत. नवे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचले तर ते त्याचे शत्रू राहत नाही. चौथी, की शाळकरी मुलामुलींना वाटल्या जाणाऱ्या सायकलींची सरकारी खरेदी गावात दुरुस्त होऊ शकेल अशाच रचनेची असावी.

मागण्या मान्य होईपर्यंत ज्यांच्याजवळ रिम-ब्रेकची चांगली सायकल आहे त्यांनी ती मोडीत काढू नये. चांगल्या प्रतीची रबरे, नव्या तारा, सरळ केलेले चाक आणि पावसात रिम वरचेवर पुसण्याची सवय, एवढ्याने बहुतेक गरज भागते. ज्यांना घाटात, पावसात, ओझे घेऊन खरोखरच चकती हवी आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु तेलाऐवजी तारेची घ्यावी, म्हणजे दुरुस्ती रस्त्यावरच्या हातात राहील. जुन्या पोलादी सायकलीला केवळ पुढचा चिमटा आणि पुढचे चाक बदलून समोर डिस्क व मागे रिम-ब्रेक ठेवता येतो. थांबण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करीत असल्यामुळे ही तडजोड तांत्रिक दृष्ट्या निर्दोष आहे. कोणताही विक्रेता ती सहसा सुचवीत नाही, हेच तिच्या बाजूचे प्रमाणपत्र समजावे.

यंत्र सुधारावे, याविषयी समाजवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. सुधारणा कोणाच्या गरजेतून निघाली आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, यावरून तिची परीक्षा करायची असते. चकतीचा ब्रेक या परीक्षेत यंत्र म्हणून उत्तीर्ण होतो. तो ज्या रीतीने लादला गेला, ती रीत उत्तीर्ण होत नाही. वेग कोठे आवरायचा हे सायकलस्वार आपल्या दोन बोटांनी ठरवतो. नफ्याच्या वेगाला आवर घालणारी लिव्हर अद्याप जनतेच्या हाती आलेली नाही. ती बसवण्याचे काम संघटनेचे आहे, आणि त्याची सुरुवात कोपऱ्यावरच्या सायकल-दुकानापासून करता येण्याजोगी आहे.